आठ दिवसांत निम्मं

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

१९९८ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. माझी मोठी बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, तिला घेऊन मी कोपरगावहून मुंबईला निघालो होतो. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी कर्करोगामुळे शस्त्रक्रिया करून काढून टाकली होती आणि आता तिला एक औषध प्यायचं होतं. फक्त एकदा, जेमतेम घोटभर. त्या एका घोटासाठी महिनाभर तयारी चालली होती. रोजच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केलेल्या, आयोडिनचं मीठ बंद, मासे बंद. गोळ्या थांबल्यामुळे आपाचा चेहरा सुजला होता, आवाज घोगरा झाला होता आणि तिला सारखी थंडी वाजायची. एखादी गोष्ट सांगितली की ती समजून उत्तर द्यायला तिला वेळ लागायचा. घरात सगळ्यांत चुरचुरीत बोलणारी बाई ती, आणि आता डब्यात खिडकीला डोकं टेकून नुसती बसलेली.

मनमाडला गाडी बदलली. इगतपुरीला दुसरी गाडी थांबली ती थांबलीच. कसारा घाटात दरड कोसळली होती. रात्र गाडीतच गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही रुग्णालयात पोहोचलो तेव्हा खिडकीमागच्या माणसानं वही पाहिली आणि म्हणाला, "तुमचा डोस काल होता."

मी म्हटलं, "मग आज द्या."

"अहो भाई, हे औषध कपाटात ठेवता येत नाही. तुमच्या वाटचं काल दुसऱ्या पेशंटला दिलं. आता पुढच्या आठवड्यात माल येईल तेव्हा."

'माल' हा त्याचाच शब्द. मला राग आला. दरड काही आम्ही पाडली नव्हती. आणखी आठ दिवस गोळ्यांवाचून काढायचे म्हणजे आपाचे किती हाल, हे त्या वहीत कुठं लिहिलेलं असतं? मी आवाज चढवला. तो मनुष्य भला होता. त्यानं मला आत बोलावलं, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाला, "हे ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तयार होतं. तयार झाल्या क्षणापासून संपायला लागतं. आठ दिवसांत निम्मं होतं. आम्ही कुणासाठी थांबायला तयार आहोत, पण औषध थांबत नाही."

मी बी. ए.चा माणूस, तोही मराठी घेऊन. विज्ञानाशी माझी शेवटची भेट दहावीच्या परीक्षेत झाली होती. अणुभट्टी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे बॉम्ब यायचा, फार तर वीज. अणुभट्टीतून आलेली वस्तू माझी बहीण पिणार आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तो आठवडा आम्ही कुर्ल्याला मामूंच्या घरी काढला. आपा झोपून असायची आणि मी मिळेल ते वाचत, भेटेल त्याला विचारत फिरत होतो. तिथून लागलेला नाद अजून सुटलेला नाही. आजचं बोलणं त्या नादातलं आहे.

सुरुवात एका शब्दापासून करतो. कवीला तेवढीच सवलत द्या. आयसोटोप या शब्दाला मराठीत 'समस्थानिक' म्हणतात. मूलद्रव्यांच्या तक्त्यात ज्यांची जागा एकच, पण वजन वेगळं, ते समस्थानिक. आमच्या मोहल्ल्यात एका नावाची दोन माणसं असली की एक 'मोठा' आणि एक 'बारका' होतो. नाव तेच, धंदा तोच, अंगकाठी वेगळी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'तेच स्थान' असाच आहे. फ्रेडरिक सॉडी या रसायनशास्त्रज्ञानं तो १९१३ साली वापरात आणला. पण सुचवला होता मार्गारेट टॉड या बाईंनी, ग्लासगोला गप्पांच्या बैठकीत. त्या डॉक्टर होत्या आणि कादंबऱ्याही लिहीत. विज्ञानाला शब्द हवा झाला की लेखकाच्या दारी यावं लागतं, हे पाहून मला बरं वाटलं.

मिठात असतं ते आयोडिन १२७. ट्रॉम्बेहून येतं ते आयोडिन १३१. त्याच्या अणुगर्भात चार न्यूट्रॉन जास्त. एवढ्या जादा ओझ्यानं तो अणू अस्थिर होतो आणि किरण टाकून शांत होतो. थायरॉईडच्या पेशींचा स्वभाव असा की शरीरात आयोडिन आलं की ओढून घ्यायचं. त्या नाव पाहतात, वजन पाहत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर गळ्यात किंवा इतरत्र मागं राहिलेल्या पेशी हे जड आयोडिन मोठ्या आवडीनं गिळतात, आणि त्यातून निघणारे बीटा किरण मिलिमीटर दोन मिलिमीटरच्या टापूत त्यांना मारतात. बाकी शरीराला फारसा धक्का नाही. कापणाऱ्याच्या हाताला जे सापडणार नाही ते हा घोट शोधून काढतो. मात्र पेशी उपाशी असल्या तरच त्या हपापल्यासारखं खातात. म्हणून ते मीठ बंद आणि गोळ्या बंद.

ही युक्ती कुणाला सुचली? १९३६ साली बोस्टनचे एक डॉक्टर सॉल हर्ट्झ यांनी एका भाषणानंतर वक्त्याला प्रश्न विचारला. वक्ते होते मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन, आणि प्रश्न इतकाच की आयोडिन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का? दोनच वर्षांपूर्वी, १९३४ साली, मेरी क्युरींची मुलगी आयरीन आणि जावई फ्रेडरिक जोलिओ यांनी साध्या मूलद्रव्यातून किरणोत्सारी द्रव्य बनवता येतं हे दाखवलं होतं. त्याआधी किरणांचं औषध म्हणजे रेडियम. खनिजाचे डोंगर उपसावेत तेव्हा चिमूटभर मिळणारं. कॉम्प्टननी पत्रानं कळवलं की होय, करता येईल. १९४१ साली हर्ट्झनी थायरॉईडच्या पहिल्या रोग्याला असं आयोडिन दिलं. आपानं प्यायलेलं आयोडिन १३१ मात्र १९३८ साली कॅलिफोर्नियात ग्लेन सीबोर्ग आणि जॉन लिव्हिंगूड यांना सापडलं होतं. पुढं सीबोर्गच्या आईलाही थायरॉईडचा विकार झाला आणि मुलानं शोधलेल्या द्रव्यानंच तिचं आयुष्य वाढवलं.

पण सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात तेव्हा हे आयोडिन इतकं थोडं तयार व्हायचं की दोन-चार रोग्यांपलीकडे ते पुरणं अवघड. मुबलक हवं तर मुबलक न्यूट्रॉन हवेत आणि मुबलक न्यूट्रॉन अणुभट्टीतच मिळतात. एन्रिको फर्मीनं शिकागोत पहिली अणुभट्टी पेटवली ती २ डिसेंबर १९४२ रोजी. 'पेटवली' म्हणायचं, आग नसतेच. युरेनियमचा अणुगर्भ फुटतो, त्यातून दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. त्यातला एक पुढचा गर्भ फोडतो आणि साखळी चालू राहते. उरलेल्यांचं काय? त्यांच्या वाटेत तुम्ही एखादं द्रव्य ठेवलंत तर ते त्यात शिरतात आणि त्याची जातच बदलून टाकतात. अणुभट्टीतली सारी समस्थानिकांची शेती या उरलेल्या न्यूट्रॉनांवर चालते.

आयोडिनची रीत अशी: टेल्युरियम नावाच्या मूलद्रव्याची भुकटी ॲल्युमिनियमच्या डबीत सीलबंद करायची आणि ती डबी अणुभट्टीत ठरावीक दिवस ठेवायची. टेल्युरियम १३० एक न्यूट्रॉन गिळतं आणि १३१ होतं. ते आपोआप मोडून आयोडिन १३१ होतं. मग डबी बाहेर काढायची ती माणसाच्या हातानं नव्हे. जाड शिशाच्या भिंतीमागं यांत्रिक हात असतात; माणूस शिशाच्या काचेतून पाहत ते हलवतो. भुकटी तापवली की आयोडिनची वाफ उडते, ती द्रावणात पकडायची. मोजायची, बाटलीत भरायची, बाटली शिशाच्या भांड्यात ठेवायची आणि पळत सुटायचं. कारण घड्याळ सुरू झालेलं असतं.

त्या घड्याळाला 'अर्धायुष्य' म्हणतात. आयोडिन १३१ चं अर्धायुष्य आठ दिवस. आठ दिवसांनी निम्मं, सोळा दिवसांनी पाव, चोवीस दिवसांनी दोन आणे. आपण मराठी माणसं आठवड्याला 'आठ दिवस'च म्हणतो. म्हणजे एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत निम्मा माल संपला. आमच्या बाजारात संध्याकाळी टोमॅटोवाला भाव का पाडतो हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. ट्रॉम्बेचे शास्त्रज्ञ आणि तो टोमॅटोवाला एकाच पेचात आहेत, हे त्या आठवड्यात उमगलं. नाशवंत माल साठवून ठेवता येत नाही, फार लांबून मागवला तर वाटेतच संपतो. तो जवळ पिकवावा लागतो आणि पुन्हा पुन्हा पिकवावा लागतो.

या दृष्टीनं पाहिलं की ट्रॉम्बेचा इतिहास वेगळा दिसतो. एरवी तो आपण अभिमानाचा म्हणून सांगतो किंवा भीतीचा म्हणून. १९४६ सालच्या २ ऑगस्टला, म्हणजे हिरोशिमाला वर्ष व्हायला चार दिवस कमी असताना, अमेरिकेतल्या ओक रिजच्या अणुभट्टीतून किरणोत्सारी कार्बनची पहिली डबी सेंट लुईसच्या एका कर्करोग रुग्णालयाला दिली गेली. ती भट्टी बांधली होती बॉम्बच्या तयारीसाठी. १९५५ साली अणुशक्तीच्या शांततामय वापरावर जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिचे अध्यक्ष होते आपले डॉ. होमी भाभा. त्याच वर्षी भारतानं स्वतःची अणुभट्टी बांधायचं ठरवलं आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी ती चालूसुद्धा झाली. इंधन इंग्लंडनं दिलेलं, बांधणी आपली. आशियातली ती पहिली.

ही भट्टी म्हणजे पाण्याचा हौद होता. सुमारे आठ मीटर खोल. इंधनाचा गाभा पाण्यात लोंबता ठेवलेला. चालू झाली की पाण्यातून निळसर उजेड फाकतो. तो पाहून पंडित नेहरूंनी तिला 'अप्सरा' नाव दिलं, असं सांगतात. अप् म्हणजे पाणी. पाण्यात वावरते ती अप्सरा. सरकारी नावांत इतकं चपखल नाव मला दुसरं आठवत नाही. पुढच्या भट्ट्यांनाही झरलिना, पूर्णिमा, कामिनी, ध्रुव अशी नावं मिळाली. कुणीतरी तिथं कविता वाचणारं असलं पाहिजे.

अप्सरा लहान होती, एक मेगावॉटची. समस्थानिकांचं काम तिच्यावर सुरू झालं, पण भरघोस पीक यायला लागलं ते १० जुलै १९६० रोजी चालू झालेल्या सायरसमुळे. चाळीस मेगावॉटची, कॅनडाच्या मदतीनं बांधलेली, जड पाणी अमेरिकेनं दिलेलं. घारापुरीच्या बोटीतून ट्रॉम्बेच्या टेकडीखाली तिचा घुमट दिसतो. लांबून मला तो आधी दर्गाच वाटला होता. सायरस सुरू झाल्यावर तीन वर्षांनी, १९६३ साली, परळला किरणोत्सारी द्रव्यांनी निदान आणि उपचार करणारं रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. ट्रॉम्बे ते परळ, मधे काही मैल. नाशवंत मालाला याहून सोयीची बाजारपेठ कुठली?

इथं मला एक गोष्ट झाकून ठेवायची नाही. १९७४ सालच्या १८ मेला पोखरणला जो स्फोट झाला, त्यातलं प्लुटोनियम याच सायरसमधलं होतं. कॅनडानं नंतर सहकार्य तोडलं. आणि त्याच १९७४ साली, त्याच ट्रॉम्बेला, संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं 'आयसोमेड' नावाचं केंद्र सुरू झालं. तिथं कोबाल्ट ६० च्या गॅमा किरणांनी इंजेक्शनच्या पिचकाऱ्या, टाके घालायचा दोरा, जखमेच्या पट्ट्या बंद पाकिटातच निर्जंतुक होतात. खेड्यातल्या सुईणींसाठी बाळंतपणाचे संचसुद्धा तिथं निर्जंतुक केले जात. एकाच वर्षी एकाच आवारातून दोन्ही. मी यातलं कुठलं खरं आणि कुठलं खोटं म्हणू?

आमच्या कोपरगावात गोदावरीकाठी बेटावर शुक्राचार्यांचं मंदिर आहे. कच इथंच संजीवनी विद्या शिकला, असं लोक मानतात. लहानपणी मित्रांबरोबर मी त्या बेटावर खूप हुंदडलो आहे. तिथल्या आजीबाईंकडून कचाची गोष्ट ऐकली आहे. कचाला मारून, जाळून, त्याची राख मद्यात कालवून गुरूलाच पाजली होती. शिष्य पोटात असतानाच गुरूला त्याला मृत माणूस उठवायची विद्या शिकवावी लागली. त्या आठवड्यात कुर्ल्याच्या खोलीत मला ती गोष्ट वारंवार आठवत होती. आमच्या भागात एका साखर कारखान्याचंच नाव संजीवनी आहे, त्यामुळे हा शब्द आम्हाला उसाच्या ट्रॅक्टरांवर रोज दिसतो. पण तो त्या दिवसांत मला वेगळाच ऐकू येत होता.

पुढच्या आठवड्यात माल आला. आपाला एका वेगळ्या खोलीत नेलं. शिशाच्या भांड्यातली लहान बाटली, तिच्यात नळी. देणारा माणूस दूर उभा राहिला. आपानं बिस्मिल्ला म्हटलं आणि ओढून घेतलं. नंतर म्हणाली, "पाणीच होतं रे. चव ना ढव." मग ती एकटी. खोलीच्या दाराशी ताट ठेवायचं आणि मागं व्हायचं. भरपूर पाणी प्यायचं, कारण पेशींनी न घेतलेलं आयोडिन लघवीवाटे जातं. तिथल्या संडासाचं पाणीसुद्धा थेट गटारात जात नाही. टाकीत साठवतात आणि त्याचं घड्याळ उतरेपर्यंत थांबतात. मी दारापलीकडून बोलायचो. बहीण डोळ्यांसमोर आहे आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायचा नाही, हे सोपं नसतं. रोज एक मनुष्य यंत्र घेऊन येई आणि ठरावीक अंतरावरून आकडा घेई. आकडा उतरला तेव्हा तिला सोडलं.

रुग्णालयाला ते औषध पुरवणारी संस्था म्हणजे 'ब्रिट', विकिरण व समस्थानिक प्रौद्योगिकी मंडळ. अणुऊर्जा विभागानं १९८९ साली या कामासाठी ती वेगळी काढली. तोवर ट्रॉम्बेला तिसरी मोठी भट्टी आली होती, १९८५ सालच्या ८ ऑगस्टला चालू झालेली शंभर मेगावॉटची ध्रुव. म्हणजे आपाच्या घोटामागं बेचाळीस वर्षांची तयारी होती आणि मी खिडकीवर एका दिवसासाठी भांडत होतो. (तरीही, भांडलो त्याचा मला पश्चात्ताप नाही.)

आता आयोडिन सोडून कोबाल्टकडे येतो. आयोडिन ही भाजी असेल तर कोबाल्ट ६० हे धान्य आहे. अर्धायुष्य सव्वापाच वर्षांहून थोडं जास्त, त्यामुळे साठवता येतं, लांब नेता येतं. साधा कोबाल्ट ५९ अणुभट्टीत ठेवायचा, एक न्यूट्रॉन गिळला की झाला कोबाल्ट ६०. पण पिकायला वेळ लागतो. आयोडिनसारखं दिवसांत नव्हे, वर्ष-दीड वर्ष आणि जास्तही. आपल्याकडे हे काम मुख्यतः राजस्थानात कोट्याजवळच्या रावतभाट्याच्या वीज बनवणाऱ्या अणुभट्ट्यांत होतं. भट्टीचा जोर कमी-जास्त करायला ज्या कांड्या लागतात, त्या पोलादाऐवजी कोबाल्टच्या करतात. वीज बनता बनता कोबाल्टही पिकतो. गव्हाच्या शेतात बांधावर तूर लावावी तसं.

हाच कोबाल्ट १९५१ साली कॅनडात कर्करोगाच्या रोग्यावर किरण सोडण्यासाठी पहिल्यांदा वापरला गेला. पुढं आपल्याकडेही अनेक रुग्णालयांत 'कोबाल्ट लावायचाय' हा शब्द रोग्यांच्या तोंडी बसला. आमच्या भागात अजूनही म्हाताऱ्या बाया शेक दिला म्हणतात. ही यंत्रं बराच काळ परदेशातून यायची. ट्रॉम्बेनं स्वतःचं यंत्र बनवलं, त्याचं नाव भाभाट्रॉन. पहिलं बसलं ते २००५ साली, नवी मुंबईत खारघरच्या कर्करोग केंद्रात. भाभांचं नाव लोकांच्या तोंडी राहण्याची ही तऱ्हा मला त्यांच्या पुतळ्यांपेक्षा जास्त आवडते.

आणि तोच कोबाल्ट २००२ साली आमच्या शेजारी आला. कोपरगावहून येवल्यामार्गे लासलगाव तास-दीड तासावर. कांद्याच्या या मोठ्या बाजारपेठेत भाभा अणुसंशोधन केंद्रानं 'कृषक' नावाचं केंद्र उभारलं. कृषी उत्पादन संरक्षण केंद्र, त्याचं छोटं रूप कृषक. नाव ठेवणारा इथंही रसिकच. काँक्रीटच्या जाड भिंतींच्या खोलीतून कांदा कोबाल्टसमोरून जातो. किरणांच्या थोड्याशा मात्रेनं कोंब फुटण्याची त्याची शक्ती जाते, एवढंच. मी माझ्या एका शेतकरी मित्राला हे कौतुकानं सांगत होतो तर तो म्हणाला, "काय शायर, हा कांदा खाल्ल्यावर रात्री अंगणात उजेड पडेल का?"

उजेड पडणार नाही. कोबाल्टच्या गॅमा किरणांत दुसऱ्या अणूला किरणोत्सारी करण्याइतकी ताकद नसते. उन्हात वाळवलेली मिरची अंधारात चमकत नाही, तसंच. पण मित्राचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. त्यानं विचारलं, "कोंब थांबेल, सड थांबेल का?" नाही थांबत. चाळीतला कांदा कोंबानं जातो, सडीनं जातो आणि वजन घटूनही जातो. किरणं फक्त कोंबावर चालतात, तेही कांदा काढल्यावर लवकर, तो निजलेला असतानाच, दिली तर. वर नेण्या-आणण्याचं भाडं. "आणि भावाचाच भरवसा नाही तिथं मी टिकवायला पैसे घालू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कांद्यासाठी बांधलेलं ते केंद्र नावारूपाला आलं आंब्यामुळे. कोयीतल्या भुंग्यासारख्या किडींच्या भीतीनं अमेरिकेनं १९८९ पासून आपला आंबा रोखला होता. २००७ साली अमेरिकेच्या शेतीखात्यानं लासलगावला मान्यता दिली. कोकणातला हापूस घाट चढून कांद्याच्या गावी आला, किमान चारशे ग्रे मात्रा घेतली आणि अठरा वर्षांनी अमेरिकेला गेला. कांदा मागं राहिला तो बराच काळ. २०२३ साली केंद्र सरकारनं आपल्या राखीव साठ्यातल्या कांद्यावर हा प्रयोग पुन्हा करून पाहायला घेतला. माझा मित्र अजून चाळीवरच भिस्त ठेवून आहे, आणि मी त्याला अडाणी म्हणणार नाही.

धान्य टिकतं म्हणून त्यात एक धोकाही असतो. विसरलं तरी ते संपत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट ६० असलेलं एक जुनं उपकरण १९८५ पासून वापराविना पडून होतं. २०१० साली ते भंगारात लिलावानं विकलं गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी ते फोडलं. चकाकणारे तुकडे होते. एकानं म्हणे खिशात ठेवले. अनेकांना किरणांची बाधा झाली आणि एक कामगार दगावला. पंचवीस वर्षांत त्या कोबाल्टची ताकद जवळजवळ पाच वेळा निम्मी झाली होती, तरी ती माणूस मारायला पुरली. आयोडिन विसरलं तर ते स्वतःच जातं. कोबाल्टला लक्षात ठेवावं लागतं. आमच्या कोपरगावातही भंगाराची दुकानं आहेत, त्यात माझे नातेवाईक आहेत. ही बातमी मी त्यांना वाचून दाखवली होती. त्रिदल पानासारखी ती किरणांची खूण कागदावर काढून दाखवली आणि ती कागदाची चिठ्ठी एकानं गल्ल्याच्या वर चिकटवली.

मायापुरीची बातमी आली त्या सुमाराला जगभर उलट्या जातीचं एक संकट चाललं होतं. टेक्नेशियम ९९ एम नावाचं एक समस्थानिक आहे. हाडं, हृदय, मूत्रपिंड यांच्या तपासण्यांत ते जगात सर्वांत जास्त वापरलं जातं. अर्धायुष्य अवघं सहा तास. हे तर बाजारालाही पुरायचं नाही. सकाळचं दूध संध्याकाळी निम्मं. म्हणून रुग्णालयाला टेक्नेशियम पाठवत नाहीत, त्याची गाय पाठवतात. मॉलिब्डेनम ९९, अर्धायुष्य सहासष्ट तास, एका नळकांड्यात भरून देतात. त्यातून टेक्नेशियम तयार होत राहतं आणि रोज सकाळी मिठाचं पाणी घालून ते काढून घेतात. त्या धंद्यातली माणसंही याला धार काढणंच म्हणतात. तर २००९ सालच्या मे महिन्यात कॅनडातल्या चॉक रिव्हरची जुनी अणुभट्टी गळतीमुळे बंद पडली, ती पंधरा महिने. मधेच हॉलंडची पेटनची भट्टीही दुरुस्तीसाठी बंद झाली. जगाचं बहुतेक मॉलिब्डेनम या दोघींवर अवलंबून होतं. देशोदेशी तपासण्यांच्या तारखा पुढं गेल्या. श्रीमंत देशांतल्या रोग्यांनाही खिडकीवरून तेच ऐकावं लागलं असणार, जे आम्ही ऐकलं होतं: माल आला नाही.

त्याच काळात आपल्याकडच्या जुन्या भट्ट्याही थकल्या. अप्सरा २००९ साली थांबली. अमेरिकेशी झालेल्या अणुकराराच्या वेळी दिलेल्या शब्दाप्रमाणे सायरस ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमची बंद झाली. ध्रुव एकटी उरली. अप्सरेच्या जागी नवी, दोन मेगावॉटची अप्सरा १० सप्टेंबर २०१८ रोजी चालू झाली. त्याच वर्षी चॉक रिव्हरची भट्टी कायमची विझली. २०२० साली केंद्र सरकारनं खासगी भागीदारीतून केवळ वैद्यकीय समस्थानिकांसाठी एक भट्टी उभारण्याची घोषणा केली. बॉम्बसाठी नाही, विजेसाठी नाही, केवळ त्या घोटांसाठी. मी तिची वाट पाहतो आहे. कोपरगावच्या माणसाला वाट पाहायची सवय असते, पाण्याच्या आवर्तनापासून.

१९९८ च्या त्या पावसाळ्यात आम्ही मुंबईहून परत आलो तेव्हा गोदावरीला पूर होता. आपाला घरी सोडलं, पण आणखी काही दिवस लहान मुलांपासून दूर राहायला सांगितलं होतं. तिची धाकटी तेव्हा तीन वर्षांची. आपा ओसरीवर वेगळी झोपायची, ताट-वाटी वेगळी. पोर उंबऱ्याशी येऊन उभी राहायची आणि अम्मी अजून गरम आहे का, असं विचारायची. तिला कुणीतरी सांगितलं होतं की अम्मीच्या अंगात गरम औषध आहे. आपा म्हणायची, "अजून एक बाजार."

पहिला बाजार गेला. निम्मं. दुसरा गेला. पाव. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या, चेहऱ्याची सूज उतरत होती, आवाज मोकळा होत होता. तिसऱ्या बाजाराच्या दिवशी सकाळी आपानं न सांगता उठून चहा केला, पोरीची वेणी घातली आणि तिला कडेवर घेऊन भाजी आणायला गेली. मी पिशवी घेऊन मागून चाललो होतो. टोमॅटोवाल्याशी तिनं भावावरून चांगलंच भांडण केलं.